हद्द कायम

दिवाळी जवळ आली, की प्रत्येक घरात कोणी ना कोणी अस्वस्थ होते. कोणाला चकली बिघडण्याची धास्ती, कोणाला बोनसची काळजी, कोणाला ऐनवेळी गावाला निघून जाणाऱ्या रंगाऱ्याची. आमच्या घरी अस्वस्थ होई ती बैठकीची खोली. खोली अर्थात जागच्या जागीच असे. पण तिच्यातल्या एकाही वस्तूला आपण उद्या कुठे असू याची शाश्वती नसे. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी मी चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच, "अहो, जरा हात लावता का?" अशी हाक येई, आणि मी समजून जाई, की टेबलाचे खिडकीखालचे दाणापाणी संपले.

यातली गंमत अशी, की माझी सारी नोकरी मोजणीखात्यात झाली. 1967 पासून 2004 पर्यंत यवतमाळ जिल्ह्यातली शेते मी मोजली. सुरुवातीला हाती 33 फुटांची लोखंडी साखळी असे. तिचे सोळा भाग; त्यांना आम्ही आणे म्हणत असू. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. आता उपग्रहाकडून ठावठिकाणा विचारून घेणारी यंत्रे आली आहेत. पण तक्रार मात्र तीच जुनी आहे. "साहेब, यानं दगड सरकवला!" दगड म्हणजे शेताच्या हद्दीचा दगड. त्यासाठी आमच्याकडे एक स्वतंत्र मोजणीच असते. 'हद्द कायम मोजणी' हे तिचे नाव. जुन्या नकाशावरून खरी हद्द शोधायची, लगतच्या शेतकऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर खुणा दाखवायच्या आणि शेवटी नकाशाची प्रत हाती द्यायची. तिला 'क' प्रत म्हणतात. हद्दीची खूण मुद्दाम हलवणे हा कायद्याने दंडाला पात्र असलेला गुन्हा आहे. दिवसभर मी लोकांना हे बजावून सांगे, आणि संध्याकाळी घरी येऊन, सकाळी जिथे काहीच नव्हते तिथे उभ्या असलेल्या स्टुलाला अडखळे!

माझे लहानपण दारव्ह्याला गेले. तिथल्या आमच्या घरात सामान कसे मांडावे, हा प्रश्न कोणाला पडलाच नाही. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर गादी, गादीवर पांढरी चादर, भिंतीशी लोड आणि कोपऱ्यांत तक्के, झाली बैठक. आमचा मुलूख कापसाचा. दिवाळीच्या तोंडावर पिंजारी दाराशी येई. त्याच्या धनुकलीचा नाद गल्लीभर घुमे, आणि वर्षभर माणसांच्या वजनाने चेपलेली गादी पुन्हा गुबगुबीत होऊन बसे. लाकडी वस्तू म्हणाल तर मुख्य अशी एकच, ती म्हणजे बंगई. पुण्या-मुंबईकडे जिला झोपाळा म्हणतात तीच आमची बंगई. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, अस्सल सागाची एकसंध फळी आणि चार कोपऱ्यांना चार लोखंडी कड्या. साग तर आमच्या जिल्ह्याचा घरचाच. पावसाळ्यात सुपासुपाएवढ्या पानांनी डवरलेले आणि उन्हाळ्यात अगदी उघडेबोडके होणारे सागाचे जंगल ज्याने पाहिले असेल, त्याला हे झाड किती सोसून उभे राहते ते सांगायला नको. ही फळी यवतमाळच्या एका मिस्त्रीने घडवली आणि ती दारव्ह्याला आली शकुंतलेतून. शकुंतला म्हणजे यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची लहानशी आगगाडी. 1903 साली ती सुरू झाली. तिच्या दोन रुळांतले अंतर अवघे अडीच फूट, आणि 1994 सालापर्यंत ती कोळसा खाऊन, वाफ सोडीत चालली. आता ती धावत नाही. पण मोतीबाग स्टेशनवर ती फळी उतरवून घेताना मिस्त्रीचा माणूस नानांना म्हणाला होता ते मला अजून आठवते. "बाप्पा, हे सागाचं लाकूड आहे. तुमच्या नातवाईलेही पुरते!"

त्या बैठकीत वस्तूंच्या नव्हे, माणसांच्या जागा ठरलेल्या होत्या. घड्याळाखालचा लोड नानांचा. त्यांच्या उजव्या हाताला वकील, डावीकडे डॉक्टर, आणि उंबऱ्याजवळ आम्ही मुले. तिथे बसून मोठी माणसे 1930 सालच्या गोष्टी सांगत. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदकडच्या जंगलात सत्याग्रह कसा केला, राखीव जंगलातले गवत कापून कायदा कसा मोडला, हे आम्ही तोंडाचा आ करून ऐकत असू. आमचा जिल्हासुद्धा पुढे या नकाशातून उठून त्या नकाशात जाऊन बसला. 1956 पर्यंत तो मध्य प्रदेशात होता, मग द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात आला. दरवेळी भिंतीवरचा नकाशा बदलला. पण त्याखालची नानांची जागा बदलली नाही.

त्या खोलीत आईची जागा मात्र कुठेच नव्हती. झाडायला, चादर बदलायला, दिवा लावायला ती येई आणि काम संपले की माजघरात जाई. पाहुणे आले की चहाचे ताट दाराआडून पुढे सरकवी. आईला बंगईवर बसलेली मी सगळ्या आयुष्यात एकदाच पाहिली. भर दुपारची वेळ होती. घरात कोणी पुरुष नव्हता. फळीच्या अगदी कडेला, जणू दुसऱ्या कोणाची जागा अडते आहे अशी ती बसली होती. माझी चाहूल लागताच ती उठली आणि फळीवर नसलेली धूळ पदराने पुसू लागली.

1971 साली माझे लग्न झाले. आमची ही घरात आली, त्याला आठ दिवसही झाले नसतील. एका सकाळी बैठकीत केर काढताना तिने केरसुणी हातातच धरून सहज विचारले, "ही बंगई खिडकीशी का नाही टांगत? वारा तरी लागेल." माझ्या हातातले वर्तमानपत्र हललेच. आईने माजघराच्या दारातून हातानेच 'गप्प' अशी खूण केली. नानांनी चष्म्यावरून सुनेकडे पाहिले, मग खिडकीकडे पाहिले, आणि म्हणाले, "टांगून पाहा." दुपारी बंगई खिडकीशी गेली. वारा खरोखरच लागत होता! एवढी वर्षे तो तिथूनच येत होता. पण त्याच्या वाटेत कोणी बसले नव्हते, इतकेच. पुढे माझी पुसदला बदली झाली तेव्हा सामानाच्या ट्रकवर नानांनी ती बंगईही चढवली. मी नको नको म्हणत होतो. ते म्हणाले, "ज्याला जागा सुचते, वस्तू त्याच्याकडे असावी."

त्यानंतर पुसद झाले, उमरखेड झाले, वणी झाली, पांढरकवडा झाला. बदलीचा हुकूम माझ्या नावाने येई. घर भाड्याच्या रकमेवरून ठरे, आणि ती रक्कम माझ्या पगारावरून. कोणत्या गावी जायचे, केव्हा निघायचे, मुलांना कोणत्या शाळेत घालायचे, यांपैकी बहुतेक गोष्टी हिला मी फक्त कळवत असे. ट्रकमधून सामान उतरले, की मी कमरेवर हात ठेवून घरमालकाशी बोलत उभा राही, आणि ही पदर खोचून आत शिरे. रात्र पडायच्या आत त्या परक्या खोलीचे आमचे घर झालेले असे. वणीच्या घरात छताला कडीच नव्हती. हिने दोन ट्रंका शेजारी शेजारी ठेवून त्यांवर बंगईची फळी टाकली, वर घडीची चादर घातली आणि म्हणाली, "बसा. यंदा बंगईला झोका नाही, विश्रांती आहे."

हिचे या विषयातले काही सिद्धांत होते. ते कोणत्याही पुस्तकातले नव्हते. पण मी ते पस्तीस-चाळीस वर्षे अनुभवाने तपासून घेतले आहेत. खुर्च्या अगदी समोरासमोर ठेवल्या, तर माणसे वाद घालतात. काटकोनात ठेवल्या, तर गप्पा मारतात. पाहुण्याची पाठ दाराकडे असू नये. तो सारखा मागे वळून पाहतो आणि लवकर उठतो. (नको असलेल्या पाहुण्यासाठी ही सोय राखून ठेवावी!) वाचणाऱ्याच्या खुर्चीवर उजेड डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली कागदावर पडत नाही. म्हाताऱ्या माणसाला खोल, मऊ खुर्ची देणे म्हणजे आदर नव्हे, छळ आहे. त्याला उठता येईल अशी उंच बैठक आणि रेटा द्यायला भक्कम हात हवेत. आणि चहाची कपबशी ठेवायला हाताशी जागा नसेल, तर सोफा कितीही भारी असला तरी माणूस त्यावर अवघडूनच बसतो.

1988 साली यवतमाळला आमचे स्वतःचे घर झाले. बैठकीची खोली 14 फूट बाय 11 फूट, म्हणजे गुंठ्याचा जेमतेम सातवा हिस्सा. पण या सातव्या हिश्श्यावर जेवढ्या मोजण्या झाल्या, तेवढ्या माझ्या नोकरीत एखाद्या शंभर एकरांच्या शेतावरही झाल्या नसतील! नुकताच घरात टीव्ही आला होता. रविवारी सकाळी रामायण लागे आणि गल्लीतली निम्मी माणसे आमच्या खोलीत असत. जिकडे तिकडे खुर्च्यांची तोंडे त्या एका पेटीकडे वळली होती. हिने तीन महिने वाट पाहिली. चौथ्या महिन्यात पेटी कोपऱ्यात गेली आणि खुर्च्या पुन्हा एकमेकींकडे पाहू लागल्या. "ज्याला बघायचं त्याने मान वळवावी," ही म्हणाली, "आलेल्या माणसाने आपल्याकडे पाठ करून बसायचं म्हणजे काय?"

या साऱ्या वर्षांत मी कुरकुरलो नाही, अशी एकही दिवाळी आठवत नाही. "अग, जे आहे ते काय वाईट आहे?" हे माझे ठरलेले वाक्य, आणि "वाईट नाही हो, पण बघू या तरी" हे तिचे. माझी आई ज्या खोलीत कधी टेकली नाही, ती खोली हिने दरवर्षी हाताने हलवून हलवून आपली केली होती, हे मात्र माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ही स्टुलाला अडखळली. मला मनातून जरा बरेच वाटले. म्हटले, "आता कळले का आम्हांला काय होते ते?" ती हसली. पुढच्या आठवड्यात टीपॉयचा कोपरा गुडघ्याला लागला. मग दाराची चौकट खांद्याला लागली. मी म्हणायचो, बघून चालत जा. आणि ती म्हणायची, बघूनच तर चालते आहे. दोघेही खरेच बोलत होतो. कारण सुईत दोरा ती एका झटक्यात ओवत होती, पंचांगातले बारीक अक्षर वाचत होती, समोरच्या माणसाच्या शर्टाचे तुटलेले बटण तिला दिसत होते. मग पायाजवळचे स्टूल दिसू नये, हे कसे?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि तो बराच पुढे गेला होता. हा रोग मोठा कावेबाज आहे. बहुतेकांचा डोळा दुखत नाही, लाल होत नाही. डोळ्यातला दाब बहुधा वाढलेला असतो, आणि मागची नस हळूहळू कामातून जाते. आधी जाते ती कडेची नजर. समोरची पुष्कळ दिवस टिकते. त्यामुळे माणसाला वाटते, आपल्याला सारे दिसते आहे. मोतीबिंदू काढून टाकता येतो, तसा हा येत नाही. गेलेली नजर परत मिळत नाही. रोजच्या रोज थेंब घालून जी राहिली असेल ती जपायची. चाळिशी उलटल्यावर डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्यावा, आणि घरात कोणाला हा रोग असेल तर भावंडांनी व मुलांनी अवश्य घ्यावा, असे डॉक्टर म्हणाले. ते मी इथे मुद्दाम लिहितो. कारण आम्हांला ते वेळेवर कोणी सांगितले नव्हते आणि आम्हीही कोणाला विचारले नव्हते. घरी येताना रिक्षात ही म्हणाली, "बोगद्यातून पाहिल्यासारखं दिसतं. समोर उजेड आहे, पण भिंती जवळ जवळ येताहेत."

मागच्या वर्षी नवरात्र झाल्यावर ती आठ दिवस नागपूरला मुलीकडे गेली. मी ठरवले, की ती परत यायच्या आत खोली तिच्यासाठी निर्धोक करून ठेवायची. आता माझ्या डोक्यातला मोजणीदार जागा झाला. मधला टीपॉय माळ्यावर गेला. दोन वेताच्या खुर्च्या मागच्या खोलीत गेल्या. कपाट पार कोपऱ्यात सरकवले. टेबल, आरामखुर्ची, सोफा, सारे समोरच्या भिंतीला चिकटवून रांगेत उभे केले. आणि बंगई? हलणारी वस्तू ती. कधी लागेल याचा नेम नाही. ती मी मिस्त्रीकडून उतरवून घेतली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. केर काढला, फरशी पुसली, आणि दारात उभा राहून पाहिले. मध्ये एवढी मोकळी जागा, की पोरांनी क्रिकेट खेळावे! चाळीस वर्षे कुरकुरल्याची मी जणू एका दिवसात भरपाई केली होती. ही आली, की काय म्हणेल याची मी लहान मुलासारखी वाट पाहत होतो.

ती संध्याकाळी आली. पिशवी माझ्या हाती देऊन नेहमीसारखी आत शिरली. चार पावले चालली आणि थांबली. उजवा हात पुढे झाला. तिथे काही नव्हते. डावा झाला; तिथेही काही नव्हते. ती जरा वळली. मग आणखी जरा वळली. आणि मग मला समजले, की आपण कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहोत, हे तिला कळेनासे झाले आहे. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बैठकीत, दारापासून सहा फुटांवर ती हरवली होती.

"अहो," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक आला. "अहो, मी कुठे आहे?"

मी धावत जाऊन तिचा हात धरला. तिला सोफ्यावर बसवले. मी काय काय केले, ते मोठ्या उत्साहाने सांगू लागलो. पण शब्द तोंडातच थिजले. ती रडत होती. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत, इतक्या बदल्यांत, इतक्या अडचणीच्या घरांत मी तिला असे रडताना पाहिले नव्हते.

"तुम्ही माझी सगळी खोली काढून घेतलीत," ती म्हणाली. "मला काही लागू नये म्हणून तुम्ही मैदान केलंत. पण मैदानात मी कशाला धरून चालू? कपाट कोपरानं कळायचं. बंगई तिच्या कड्यांच्या आवाजानं कळायची. आरामखुर्चीची पाठ हाताला लागली, की दार आलं हे कळायचं. आता हाताला नुसती हवा लागते. आणि एवढं सगळं हलवलंत, ते मला न विचारता?"

शेवटचा प्रश्न मला फार लागला. कारण सदतीस वर्षांच्या नोकरीत, लगतच्या शेतकऱ्याला नोटीस दिल्याशिवाय मी कोणाच्या बांधावर पाय ठेवला नव्हता. आणि इथे, ज्या मुलखावर जन्मभर हिचा ताबा होता, त्याच्या साऱ्या हद्दी मी एका दुपारी उखडून टाकल्या होत्या. तिला साधे कळवलेसुद्धा नव्हते. पूर्वी बदलीचे हुकूम निदान कळवत तरी होतो!

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी चहा झाला. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चल, जरा हात लावतेस का?"

ती क्षणभर माझ्याकडे, म्हणजे तिच्या बोगद्यात मी जेवढा मावतो तेवढ्या माझ्याकडे, पाहत राहिली. मग तिने पदर खोचला.

दोन दिवस ती मांडामांड चालली. जागा तिने सांगायच्या, वस्तू मी आणि मिस्त्रीने उचलायच्या. आधी माजघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंतची वाट ठरली, भिंतीच्या कडेकडेने. ती चालायची, थांबायची, हात पुढे करायची आणि म्हणायची, "इथे काहीतरी हवं." तिथे आम्ही कपाट आणायचो. "अजून वीतभर अलीकडे." आम्ही ते वीतभर अलीकडे घ्यायचो. टीपॉय मात्र माळ्यावरच राहिला. गुडघ्याखालच्या वस्तू शत्रू, कमरेएवढ्या वस्तू मित्र, असा तिने नवा सिद्धांत मांडला. जमिनीवरची सतरंजी गेली, कारण तिची दुमडलेली कड पायात येते. फरशी फिकट, म्हणून आरामखुर्चीवर गडद निळी चादर आली. ती तिला लांबून ओळखू येते. दारे एक तर पूर्ण उघडी, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट दार कोणीही ठेवायचे नाही. ज्याने खुर्ची ओढली, त्याने उठताना ती टेबलाखाली परत सारायची.

राहता राहिली बंगई. मी म्हणालो, "ती हलते ग. लागेल." ती म्हणाली, "भिंतीला समांतर टांगा, आणि मागच्या बाजूने दोरीने अडकवा. कोणी बसणार असेल तेव्हा दोरी सोडायची, उठताना पुन्हा अडकवायची. आणि तिच्या कड्यांना आता तेल घालू नका."

चाळीस वर्षे ही बाई माझ्यामागे लागली होती, की कड्या कुरकुरतात, तेल घाला! मी विचारले, "का?"

"तुम्ही बंगईवर बसून पेपर वाचता ना, तेव्हा ती कुरकुरते. ती कुरकुर स्वयंपाकघरात ऐकू आली, की मला सगळी खोली दिसते."

मग मी मोजणी केली. साखळी नव्हती, हिची पावले होती. माजघराच्या दारापासून दोन पावलांवर कपाटाची मूठ. आणखी दोन पावलांवर बंगईची अलीकडची कडी. तीन पावले बंगईच्या कडेकडेने, की पलीकडची कडी. तिथून दोन पावलांवर आरामखुर्चीची पाठ, आणि शेवटच्या एका पावलावर बाहेरच्या दाराची चौकट. एकूण दहा पावले. मी ती कागदावर मांडली, चार वेळा तिला चालायला लावून पडताळली, आणि वस्तूंच्या पायांशी फरशीवर रंगाच्या बारीक खुणा केल्या. केर काढताना एखादी वस्तू सरकलीच, तर ती खुणेवर परत आली पाहिजे. एवढे दिवस मी हद्दीचे दगड शेतात शोधत होतो. आमच्या घरचे दगड सागाचे होते, हे मला आता कळले.

त्या दिवाळीला पुण्याहून मुलगा, सून आणि नात आली. मुलाने आल्याआल्या हातातली बॅग वाटेतच ठेवली, आणि "आजोबा, बाबांनी दगड सरकवला!" अशी तक्रार नातीने तत्काळ दाखल केली. मी तिला सगळी नियमावली आदल्या रात्रीच फोनवर शिकवली होती. दुपारी ती डोळ्यांना आजीचा रुमाल बांधून ती दहा पावले चालून पाहत होती. तीन वेळा चुकली, चौथ्यांदा बरोबर दारात जाऊन उभी राहिली. मग तिने वहीच्या पानावर खोलीचा नकाशा काढला, बंगई तांबडी, आरामखुर्ची निळी, आणि त्यावर आम्हां सर्वांच्या सह्या घेतल्या. लगतदार म्हणून मुलाचीही घेतली. मी वर स्वच्छ अक्षरात लिहिले, "'क' प्रत." ती प्रत कपाटाच्या दारावर अजून डकवलेली आहे.

लक्ष्मीपूजन झाले. बाहेरच्या उंबऱ्यावर पणती न्यायची वेळ आली. दरवर्षी ती हीच नेते. सून पुढे झाली, तिला मी डोळ्यांनीच थांबवले. मी बंगईवर बसलो होतो. दोरी सोडली आणि पायाने हलकेच रेटा दिला. कड्या कुरकुरल्या. आतून ही निघाली. उजव्या हातात पणती, डावा हात जरासा पुढे. दोन, आणि कपाटाची मूठ. आणखी दोन. मी बंगई थांबवून धरली. कडी तिच्या बोटांना लागली, तशी ती किंचित हसली. तीन. दोन. एक. ज्योत एकदाही हलली नाही. उंबऱ्यावर पणती ठेवून ती वळली, तीन पावले मागे आली, चाचपून माझ्याशेजारी बंगईवर बसली. कडेला नव्हे, चांगली ऐसपैस. बाहेर फटाके वाजत होते, आणि मला उगीचच आईची आठवण झाली.

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, "अहो, एक सुचतंय. पुढच्या दिवाळीला टेबल इकडे घेऊन कपाट तिकडे नेलं, तर? बंगईला वारा जास्त लागेल."

"अग, जे आहे ते..." मी सवयीने सुरुवात केली आणि जीभ चावली.

आता ती पुढची दिवाळी येऊन ठेपली आहे. वसुबारसेच्या आधीच्या रविवारी फेरमोजणी ठरली आहे. सर्व लगतदारांना नोटिसा गेल्या आहेत. नवी 'क' प्रत काढायला नात पुण्याहून रंगखडू घेऊन येणार आहे. मिस्त्रीलाही मी सांगून ठेवले आहे. फक्त एक गोष्ट त्याला दोनदा बजावली: कड्यांना तेल घालायचे नाही.